प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा दान : गरजेचा निरोप येण्याआधीच नाव नोंदवून ठेवण्याविषयी

पाऊलवाट यांचे लेखन

रक्तपेढीच्या शीतकपाटात तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ राहतो. प्लेटलेट्सना, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तबिंबिकांना, मात्र बहुतेक ठिकाणी पाच दिवसांचीच मुदत असते. थंड ठेवल्यास त्यांचा आकार बदलतो आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर त्या फार लवकर नाहीशा होतात, म्हणून त्यांना २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलणाऱ्या फळीवर ठेवावे लागते. याच तापमानाला जिवाणूही वाढू शकत असल्यामुळे मुदत लांबवता येत नाही. (काही ठिकाणी जिवाणूंची वाढीव चाचणी करून ती सात दिवसांपर्यंत नेली जाते.) या पाच दिवसांतलाही काही वेळ एचआयव्ही, कावीळ आणि इतर चाचण्यांचे निकाल येण्यात जातो. आज भरपूर दाते आले म्हणून पुढच्या महिन्याची सोय झाली, असे प्लेटलेट्सच्या बाबतीत कधीच होत नाही.

हा धागा काढण्यामागे माझे एकच म्हणणे आहे. 'अमुक रुग्णासाठी तातडीने प्लेटलेट्स हव्या आहेत' असे जे निरोप आपण एकमेकांना पाठवतो, त्यांतील पुष्कळशी गरज मुळात अचानक उद्भवलेली नसते. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू झाली की अस्थिमज्जेचे काम काही आठवडे मंदावणार, काउंट (दर मायक्रोलिटर रक्तातील प्लेटलेट्सची संख्या) घसरणार आणि दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट्स चढवाव्या लागण्याची शक्यता आहे, हे डॉक्टरांना उपचार ठरवतानाच ठाऊक असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचेही तसेच. अशा रुग्णाचा काउंट साधारणपणे १०,००० च्या खाली गेला की रक्तस्राव सुरू झालेला नसतानाही खबरदारी म्हणून प्लेटलेट्स देतात, कारण मेंदूत रक्तस्राव झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. गरज आधी कळते आणि दाता मात्र शेवटच्या दिवशी शोधला जातो, ही व्यवस्थेतली उणीव आहे. ती भरून काढायला आधीच तपासणी झालेले, दूरध्वनी केल्यावर ठरलेल्या दिवशी येऊन बसणारे नियमित दाते लागतात. मी स्वतः असा नियमित दाता आहे आणि आपल्यापैकी काहींनी तरी व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दात्याच्या रक्तातून नुसत्या प्लेटलेट्स किंवा प्लाझ्मा काढून घेण्यासाठी एक यंत्र असते; ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दंडातल्या शिरेतून रक्त नळीने यंत्राकडे जाते, तिथे ते वेगाने फिरवले जाते. गढूळ पाणी स्थिर ठेवले की जड गाळ तळाशी बसतो, तसे फिरण्याच्या जोरावर रक्ताचे थर होतात : तांबड्या पेशी सर्वांत जड, त्यांच्यालगत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सचा पातळ थर, आणि सर्वांत हलका प्लाझ्मा. यंत्र हवा तो थर पिशवीत उतरवून घेते आणि उरलेले रक्त दात्याला परत देते. एका सुईचे यंत्र असेल तर रक्त घेण्याचे आणि परत देण्याचे फेरे आळीपाळीने चालतात; दोन सुयांचे असेल तर एका हातातून रक्त जाते आणि दुसऱ्या हातात परत येते. प्लेटलेट्सना साधारण एक ते दोन तास लागतात, नुसत्या प्लाझ्माला पाऊण तासाच्या आसपास.

नेहमीच्या रक्तदानातूनही प्लेटलेट्स वेगळ्या काढता येतात, मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येईल. एका पिशवी रक्तातून मिळणाऱ्या प्लेटलेट्स मोठ्या माणसाला पुरत नाहीत. चार ते सहा दात्यांच्या एकत्र कराव्या लागतात. यंत्रावर एकाच दात्याकडून निदान ३०० अब्ज प्लेटलेट्स मिळतात, आणि तेवढ्याने प्रौढ रुग्णाचा काउंट सुमारे ३०,००० ते ६०,००० ने वाढतो. ज्या रुग्णाला महिनोन्महिने रक्तघटक घ्यायचे आहेत, त्याचा संबंध सहाऐवजी एकाच अनोळखी रक्ताशी यावा, ही गोष्ट लहान नाही. अनेकांच्या पेशी अंगात जात राहिल्या की काही रुग्णांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. मग चढवलेल्या प्लेटलेट्स टिकतच नाहीत, आणि ऊतिगट (पेशींवरच्या ओळखखुणांचा गट) जुळणारा दाता शोधण्याची वेळ येते.

प्रतिसाद : उंबरठा

विषय काढल्याबद्दल आभार. मी नेमाने रक्तदान करते, पण यंत्रावर बसण्याचे धाडस अजून झालेले नाही. माझ्या मनातल्या शंका सरळ विचारते. बाहेर गेलेले रक्त पुन्हा अंगात येताना कसला संसर्ग तर होणार नाही? आपल्याच प्लेटलेट्स एवढ्या मोठ्या प्रमाणात काढल्यावर त्यानंतर काही लागले, कापले तर रक्त थांबेल ना? आणि ओठांना मुंग्या येतात असे ऐकले आहे, ते कशामुळे?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

उंबरठा, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करतो, म्हणून आपल्या शंकांना क्रमाने उत्तर देतो.

नळ्या, पिशव्या आणि रक्त फिरवण्याचे पात्र असा सगळा संच निर्जंतुक आणि एकदाच वापरायचा असतो. तो दात्यासमोर पाकीट फोडून यंत्रावर चढवला जातो आणि दान संपल्यावर नष्ट केला जातो. आपले रक्त यंत्राच्या कुठल्याही भागाला स्पर्श करत नाही, ते या संचाच्या आतच असते. कोणत्याही क्षणी शरीराबाहेर असणारे रक्त साधारण २०० ते ३०० मिलिलिटर, यंत्रानुसार कमी-अधिक. म्हणजे नेहमीच्या रक्तदानापेक्षा कमीच. पहिले काही मिलिलिटर रक्त मुद्दाम एका छोट्या पिशवीत वळवतात, कारण सुई टोचताना त्वचेचा सूक्ष्म कण आणि त्यावरचे जिवाणू त्या पहिल्या थेंबांत येण्याची शक्यता असते. चाचण्यांसाठी तेच रक्त वापरले जाते.

दानाआधी काउंट पाहतात, तो निदान दीड लाख असावा लागतो; निरोगी माणसात तो दीड ते साडेचार लाखांच्या दरम्यान असतो. दानानंतर तो साधारण वीस ते तीस टक्क्यांनी उतरतो. आपल्या एकूण प्लेटलेट्सपैकी सुमारे एक तृतीयांश प्लीहेत साठलेल्या असतात आणि दान चालू असतानाच त्यांतल्या काही रक्तात उतरतात, त्यामुळे नुसत्या हिशोबाने वाटते त्यापेक्षा घट कमी भरते. कापले-खरचटले तर रक्त नेहमीसारखेच थांबते, आणि काही दिवसांत काउंट पूर्ववत होतो.

मुंग्यांचे कारण सायट्रेट. नळीत रक्त गोठू नये म्हणून ते मिसळावे लागते आणि ते रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते. परत येणाऱ्या रक्ताबरोबर थोडे सायट्रेट अंगात गेले की मोकळे कॅल्शियम तात्पुरते कमी होते. आधी ओठांभोवती, मग बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात. काहींना थंडी वाजते, कारण परत येणारे रक्त खोलीच्या तापमानाइतके गार झालेले असते. आमची एकच विनंती असते की हे लगेच सांगावे. वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी चघळायला दिली की बहुतेक वेळा काही मिनिटांत बरे वाटते. सायट्रेट यकृतात आणि स्नायूंत लवकर मोडले जाते, ते शरीरात साठत नाही. 'एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला सांगायचे' म्हणून गप्प बसणाऱ्या दात्यांची मला अधिक काळजी वाटते, कारण दुर्लक्ष झाले तर स्नायू आखडू शकतात.

एक गोष्ट आपण यंत्रावर बसाल तेव्हा आवर्जून पाहावी. दान संपल्यावर प्लेटलेट्सची पिशवी मागून प्रकाश येईल अशी धरली आणि हलकेच दाबली, तर फिकट पिवळ्या द्रवात चंदेरी लाटा फिरताना दिसतात. निरोगी प्लेटलेट्स चपट्या तबकडीच्या आकाराच्या असतात आणि हलवल्यावर प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परावर्तित करतात, म्हणून तसे दिसते. पिशवी रुग्णासाठी बाहेर देताना आम्ही हे पाहतो. लाटा दिसल्या नाहीत, तर त्या प्लेटलेट्स गोल होऊन निकामी झाल्याचा संशय येतो आणि पिशवी बाजूला ठेवली जाते.

प्रतिसाद : मुक्तछंद

मला दोन मुले आहेत. एका ठिकाणी प्लाझ्मा देण्याची तयारी दाखवली, तेव्हा गरोदरपणांची माहिती विचारून नंतर नकार देण्यात आला. कारण कोणी नीट समजावले नाही आणि मनाला लागले. यामागे वैद्यकीय कारण आहे का?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

आहे, आणि ते आपल्याला त्याच वेळी सांगायला हवे होते. गरोदरपणात बाळाच्या पेशींशी संबंध येऊन काही स्त्रियांच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्या स्त्रीला त्यांचा काहीही त्रास नसतो. पण तिचा प्लाझ्मा रुग्णाला चढवला तर क्वचित प्रसंगी रुग्णाच्या फुप्फुसांत काही तासांत पाणी भरते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून अनेक देशांनी रुग्णाला थेट चढवायच्या प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांना प्राधान्य दिले, किंवा गरोदरपण झालेल्या स्त्रियांची प्रतिपिंडांसाठी चाचणी सुरू केली. जिथे ही चाचणी उपलब्ध आहे तिथे ती करून घ्यावी. निकाल निरंक आला तर आपण प्लेटलेट्सही देऊ शकता. नेहमीचे रक्तदान तर आपल्याला खुले आहेच.

प्रतिसाद : धूमकेतू

प्लाझ्माविषयी या धाग्यात थोडे अधिक यायला हवे, म्हणून लिहीत आहे.

रक्ताच्या आकारमानात सुमारे ५५ टक्के प्लाझ्मा असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. उरलेल्या थोडक्या भागात अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्त गोठवणारे घटक असतात. काही प्लाझ्मा गोठवून तसाच रुग्णाला देतात; पण बराच मोठा वाटा कारखान्यात जातो, हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून औषधे तयार होतात. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, भाजलेल्या रुग्णाचे अल्ब्युमिन, पिसाळलेल्या कुत्र्याने चावल्यावर जखमेत टोचायचे प्रतिपिंड, बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून आरएच निगेटिव्ह मातेला दिले जाणारे अँटी-डी, ही सगळी माणसाच्या प्लाझ्मातून मिळू शकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडविन कोन यांनी प्लाझ्मातील प्रथिने वेगळी करण्याची पद्धत बसवली, आणि आजच्या उद्योगाचा पाया तोच आहे.

अँटी-डीचा उल्लेख आला म्हणून ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. किशोरवयात छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना इतरांचे रक्त मिळाले होते. १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी रक्तदान सुरू केले. त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी हे प्रतिपिंड विपुल असल्याचे पुढे आढळले, आणि २०१८ मध्ये ८१ व्या वर्षी वयोमर्यादेमुळे थांबेपर्यंत त्यांनी १,१७३ वेळा दान केले. त्यांना सुईची भीती होती. सुई टोचली जात असताना ते कायम दुसरीकडे पाहत. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. भीती वाटत असतानाही वर्षानुवर्षे ठरलेल्या दिवशी जाऊन बसणे मला कुठल्याही एकाच मोठ्या त्यागापेक्षा अधिक कठीण वाटते.

एबी गटाच्या वाचकांसाठी मुद्दाम : तांबड्या पेशींच्या बाबतीत 'सर्वांना चालणारा' गट ओ निगेटिव्ह असतो, प्लाझ्माच्या बाबतीत तो मान एबीचा आहे, कारण एबी प्लाझ्मात ए किंवा बी विरुद्धची प्रतिपिंडे नसतात. 'आमचा गट कोणाच्या फारसा उपयोगी नाही' असे या गटाची माणसे बोलून दाखवतात. प्लाझ्मासाठी त्यांनाच आधी बोलावले जावे, अशी वस्तुस्थिती आहे.

प्रतिसाद : काठावरून

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. नियमित दानाचा आग्रह धरताना दात्याच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष होऊ नये. निरनिराळ्या देशांच्या मर्यादा पाहिल्या तर त्यांत फार अंतर आहे. अमेरिकेत प्लाझ्मा सात दिवसांत दोनदा देता येतो आणि तिथे त्याचा मोबदलाही मिळतो. युरोपीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्षाला ३३ दानांची मर्यादा सुचवली आहे. ब्रिटनमध्ये दोन दानांत निदान दोन आठवडे जावे लागतात. एकाच मानवी शरीराविषयी एवढी वेगळी मते असतील, तर दात्याने सावध राहिलेलेच बरे. जागतिक आरोग्य सभेने १९७५ मध्येच ऐच्छिक, विनामोबदला रक्तदानाचा पुरस्कार केला होता, तरी आज जगाच्या प्लाझ्माचा निम्म्याहून अधिक पुरवठा मोबदला देणाऱ्या एकट्या अमेरिकेतून होतो. गरजू माणूस पैशासाठी आपला आजार लपवील किंवा झेपेल त्यापेक्षा अधिक वेळा देईल, ही भीती मला खरी वाटते.

प्रतिसाद : पाऊलवाट

काठावरून, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मूळ लेखातच यायला हवा होता, असे वाटण्याइतका महत्त्वाचा आहे. अमेरिकेत प्लेटलेट्ससाठी बारा महिन्यांत २४ वेळा आणि सात दिवसांत दोनदा अशी मर्यादा आहे, परंतु मर्यादा म्हणजे गाठायचे लक्ष्य नव्हे. अनेक वर्षे वारंवार प्लेटलेट्स देणाऱ्या काही दात्यांच्या रक्तात टी प्रकारच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे, कारण काही यंत्रांच्या गाळणीत त्या अडकून राहतात. त्यामुळे अशा दात्यांना संसर्ग अधिक होतात असे सिद्ध झालेले नाही. तरी वारंवार देणाऱ्याने अधूनमधून संपूर्ण रक्ततपासणी करून घ्यावी आणि प्लाझ्मा देणाऱ्याने प्रथिनांची पातळी पाहून घ्यावी. संचाच्या नळ्यांत दर वेळी थोड्या तांबड्या पेशी राहून जातात, तेव्हा लोहाकडेही लक्ष असावे. आणि यंत्र मध्येच बंद पडून रक्त परत देता आले नाही, तर ते पूर्ण रक्तदानाच्या जवळपास धरून पुढचे अंतर पाळावे लागते. त्या वेळी 'मला काही होत नाही' असा हट्ट करू नये.

पण म्हणूनच दात्यांची संख्या वाढायला हवी. शंभर माणसांनी वर्षातून तीन-चार वेळा येणे, हे पंधरा माणसांनी मर्यादेपर्यंत येत राहण्यापेक्षा दात्यांसाठी आणि रुग्णांसाठीही अधिक सुरक्षित आहे.

प्रतिसाद : ओलावा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा आम्ही सगळी भावंडे प्लेटलेट्स द्यायला उभी राहिलो आणि डॉक्टरांनी आम्हालाच थांबवले. त्याला पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण लागण्याची शक्यता होती, आणि संभाव्य दाता म्हणून आमच्यापैकीच कोणाची तरी निवड होणार होती. आमच्या पेशी आधीच त्याच्या अंगात गेल्या तर त्याचे शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होईल आणि प्रत्यारोपण फसण्याचा धोका वाढेल, असे त्यांनी समजावले. रक्ताच्या नात्यातील दात्याचे रक्तघटक द्यायचेच झाले, तर त्यांवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते, हेही तेव्हाच कळले. ज्या आजारात प्लेटलेट्स सर्वाधिक लागतात, त्यातच घरच्या माणसांचे हात बांधलेले असू शकतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते.

दात्यांना माझी एक विनंती आहे. येणे जमत नसेल तर आदल्या दिवशी सांगा. आम्हाला राग कधीच आला नाही. पण सकाळी अकरा वाजता ठरलेला दाता आला नाही आणि फोनही लागला नाही, की दुसरा माणूस शोधून, त्याची तपासणी होऊन, पिशवी हातात येईपर्यंत रात्र होते. तोवर भावाच्या हिरड्यांतून येणारे रक्त आम्ही कापसाने टिपत बसायचो.

प्रतिसाद : टिपकागद

डेंग्यूच्या रुग्णांसाठीही असेच निरोप फिरतात. काउंट वीस हजारांवर आला की नातेवाईक घाबरून दाते गोळा करतात. त्यांनी काय करावे?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे आणि त्यांच्यावर दबाव आणू नये. डेंग्यूत अस्थिमज्जा बंद पडलेली नसते, काउंट बहुधा आपोआप वर येतो. सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काउंट २०,००० किंवा त्याखाली असलेल्या, पण गंभीर रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना खबरदारी म्हणून प्लेटलेट्स देऊनही रक्तस्राव कमी झाला नाही, उलट त्या देण्याचे दुष्परिणाम अधिक दिसले. प्रत्यक्ष मोठा रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या आकड्याला घाबरून एक पिशवी तिकडे गेली, की त्याच दिवशी कर्करोगाच्या एखाद्या रुग्णाला ती मिळत नाही.

प्रतिसाद : उंबरठा

सर्वांचे वाचून धीर आला. जाण्याआधी काय तयारी करावी, एवढे सांगावे.

प्रतिसाद : पाऊलवाट

सर्वांत महत्त्वाचे ॲस्पिरिन. एकदा घेतलेल्या गोळीने त्या वेळी रक्तात असलेल्या प्लेटलेट्स आयुष्यभरासाठी, म्हणजे आठ-दहा दिवसांसाठी, दुबळ्या होतात. म्हणून दानाआधी दोन-तीन दिवस ती घेतलेली नसावी, आणि कोणतेही दुखण्यावरचे औषध घेतले असेल तर ते सांगावे. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेले ॲस्पिरिन दानासाठी कधीही बंद करू नये. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यावे, त्याने शीर सहज सापडते. उपाशी जाऊ नये, पण तेलकट-तुपकट खाऊनही जाऊ नये. रक्तात स्निग्धांश वाढला की प्लाझ्मा दुधासारखा पांढुरका दिसतो आणि पिशवी बाद होऊ शकते. बाह्या वर सरकतील असे कपडे घालावेत. बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावे, कारण मध्ये उठता येत नाही.

पहिल्या भेटीत दान करायलाच हवे असे नाही. शिरा तपासून, काउंट आणि हिमोग्लोबिन पाहून, रक्तगट नोंदवून परत आलात तरी आपले नाव यादीत जाते.

प्रतिसाद : टिपकागद

आज जाऊन आलो. शिरा चांगल्या आहेत, पण काउंट दीड लाखाच्या किंचित खाली निघाल्याने परत पाठवले. मी कायमचा बाद झालो का?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

अजिबात नाही. काउंट दिवसागणिक थोडा बदलतो, आणि नुकताच ताप येऊन गेला असेल तर काही दिवस कमीही राहतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. सातत्याने कमीच येत राहिला तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, त्यामागे काही कारण आहे का ते त्यांना पाहू द्या. ते निर्धोक म्हणाले तर प्लाझ्मासाठी आपले नाव नोंदवता येईल. त्याचे निकष वेगळे असतात. जाताना आजचा अहवाल सोबत न्या.